‘सेविका’ आणि ‘संचालक’ : शिक्षणकार्य करणाऱ्या स्त्रियांच्या आत्मकथांविषयी

मराठीत आत्मचरित्रांची वाण नाही. आणि स्त्रियांनी लिहिलेल्या आत्मचरित्रांची आपली परंपरा तर इतर भाषाभगिनींना हेवा वाटावा अशी आहे. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ १९२८ साली आली, आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली आले, पुढे अनुताई वाघ यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ आणि शांताबाई कांबळे यांची ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ ही पुस्तके आली. या पाचही लेखिकांचे आयुष्य शिक्षणकार्यात गेले. त्यांच्या पुस्तकांविषयी आमच्याकडे लिहिलेही पुष्कळ गेले आहे. भाषेचा साधेपणा, निवेदनातील प्रांजळपणा, सोसण्याची अलौकिक शक्ती आणि त्याग हे गुण टीकाकारांनी एकमुखाने वाखाणले आहेत. ही स्तुती खोटी नाही. परंतु ती वाचून झाल्यावर एक शंका मनात राहते. या स्त्रिया संस्था चालवीत होत्या, पैसा उभा करीत होत्या, माणसे निवडीत होत्या. त्या कारभाराविषयी आमची टीका इतकी अबोल का? पुरुषाने शाळा काढली की त्याच्या दूरदृष्टीची चर्चा होते. स्त्रीने शाळा चालविली की तिच्या डोळ्यांतील वात्सल्याची होते. हा भेद केवळ शैलीचा नव्हे, आणि त्याचे परिणामही केवळ वाङ्मयीन राहिलेले नाहीत, हे या लेखात दाखवावे असा आमचा हेतू आहे.

हा विषय आम्हांस सुचण्यास आमचे राहण्याचे ठिकाणही काही अंशी कारण आहे. सीबीडी बेलापूर हे कचेऱ्यांचे गाव. येथील कोकण भवनातून कोकण विभागाचा कारभार चालतो. म्हणजे धोंडो केशव कर्वे यांचे मुरूड, आनंदीबाई आणि पार्वतीबाई या सख्ख्या बहिणींचे देवरूख, आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे कोसबाड, ही तिन्ही स्थळे या एका इमारतीच्या कक्षेत येतात. जवळच्याच रायगड भवनाचा पत्ता राज्यातील अंगणवाड्यांच्या कागदपत्रांवर वर्षानुवर्षे छापला गेला आहे. कारण एकात्मिक बाल विकास सेवा योजनेचे आयुक्तालय तेथे थाटले गेले. एक लाखाहून अधिक अंगणवाड्यांत लहान मुलांना शिकविणाऱ्या, त्यांचे पोषण पाहणाऱ्या आणि त्यांची नोंद ठेवणाऱ्या बाईस सरकारी भाषेत ‘शिक्षिका’ म्हणत नाहीत, ‘सेविका’ म्हणतात. तिला जे मिळते त्यास वेतन म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात. या दोन शब्दांचे कूळ शोधू लागले म्हणजे वाट थेट वरील आत्मकथांपर्यंत जाते.

प्रथम पुस्तकांची नावेच पाहावीत. कर्व्यांनी १९१५ साली आपले चरित्र लिहिले तेव्हा त्यास ‘आत्मवृत्त’ असे नाव दिले. शब्द भारदस्त आहे. ज्याच्या आयुष्याचा वृत्तांत जगाने ऐकावा असा मनुष्य बोलत आहे, हे त्यात गृहीतच आहे. त्यांच्या पत्नीने आपल्या पुस्तकास ‘पुराण’ म्हटले. मराठीत कोणी ‘पुराण लावले’ म्हणजे काय होते हे वाचकांस सांगावयास नको. ऐकणारा जांभई देणार हे धरूनच आनंदीबाई बोलावयास बसल्या आहेत. पार्वतीबाईंनी ‘कहाणी’ हा शब्द घेतला, जो व्रताच्या दिवशी बायकांनी बायकांना सांगावयाचा असतो. शांताबाईंनी ‘चित्तरकथा’ म्हटले. आणि रमाबाईंच्या पुस्तकाच्या नावात तर ‘माझ्या’ हाही शब्द नाही, ‘आमच्या’ आहे. कोणी म्हणेल की पुरुषांनीही ‘आठवणी’ लिहिल्या आहेत, आणि नावाचा एवढा कीस काढणे व्यर्थ आहे. एखाद्या नावावरून सिद्धांत बांधू नये हे आम्हांसही मान्य आहे. परंतु पाच स्त्रिया, ज्यांची जात, काळ आणि स्वभाव इतके भिन्न, त्या सर्वजणी आपल्या कर्तृत्वाला दारातच इतके लहान करून का घेतात, हा प्रश्न उरतोच.

रमाबाई रानड्यांचे पुस्तक या दृष्टीने फार बोलके आहे. न्यायमूर्ती १९०१ च्या जानेवारीत वारले, आणि पुस्तकही तेथेच संपते. रमाबाई त्यानंतर तेवीस वर्षे जगल्या. पुण्यात १९०९ साली सेवासदन स्थापन झाले आणि १९२४ साली मृत्यू येईपर्यंत त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. परिचारिका आणि शिक्षिका तयार करण्याचे कार्य त्या संस्थेने ज्या काळी केले, त्या काळी मध्यमवर्गीय घरातील स्त्रीने पगार घेणे हेच अघटित मानले जाई. १९२० च्या सुमारास पुण्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा प्रश्न निघाला, आणि मुलींना त्यातून तूर्त वगळावे असा विचार पुढे आला, तेव्हा त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या स्त्रियांत रमाबाई अग्रभागी होत्या. यातील एक अक्षरही ‘आठवणीं’त नाही. पुस्तक १९१० सालचे असल्याने पुढील गोष्टी त्यात येणार नाहीत हे उघड आहे. परंतु त्यानंतरही त्यांनी स्वतःच्या कार्याचा दुसरा भाग लिहिला नाही, आणि आम्हां वाचकांस त्याची उणीव भासली नाही. आम्ही पतीजवळ बसून अक्षरे गिरविणारी रमा जतन केली, आणि सभेच्या अध्यक्षस्थानी बसणाऱ्या रमाबाई विसरलो. ग्रंथ म्हणून ‘आठवणीं’चे लालित्य वादातीत आहे. तिच्या कीर्तीने लेखिकेचे उत्तरायुष्य झाकून टाकले, हेही तितकेच खरे.

हिंगण्याच्या दोघी बहिणींची पुस्तके आम्हांस अधिक महत्त्वाची वाटतात, कारण त्या एकाच संस्थेच्या दोन बाजू दाखवितात. आनंदीबाई, म्हणजे पूर्वाश्रमीच्या गोदूबाई जोशी, या पंडिता रमाबाईंनी १८८९ साली काढलेल्या शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९३ साली त्यांचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि मुरूडने या जोडप्यास वाळीत टाकले. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. पुण्याच्या लोकमताला बिचकून पुनर्विवाहाचा प्रचार आश्रमापासून दूर ठेवला गेला. त्यामुळे संस्थापकाची पुनर्विवाहित पत्नी संस्थेच्या अंगणात अवघडलेलीच राहिली. कर्व्यांची शिल्लक आश्रमाकडे गेली, घर चालविण्याची चिंता आनंदीबाईंकडे राहिली, आणि त्यांनी सुईणपणाचे शिक्षण घेऊन ती वाहिली. ‘माझे पुराण’ हे पुस्तक या अर्थशास्त्राचे आहे. एका महर्षीच्या त्यागाची किंमत घरात कोण भरते, याचा इतका रोखठोक हिशेब मराठीत दुसऱ्या कोणी मांडलेला आम्हांस ठाऊक नाही. आमच्या टीकाकारांनी त्यास ‘फटकळ, पण गोड’ म्हणून सोडून दिले. वस्तुतः त्यात तक्रारीपेक्षा निकाल अधिक आहे, आणि तो निकाल देणारी बाई कोणाही कार्यकारी मंडळात खजिनदार शोभली असती.

पार्वतीबाईंचे तसे नव्हते. त्या आश्रमातच राहिल्या, त्याच्या व्यवस्थेत मुरल्या, आणि निधी गोळा करण्यासाठी गावोगाव हिंडल्या. वयाची पंचेचाळीशी उलटल्यावर, १९१८ साली, इंग्रजी शिकण्यासाठी आणि संस्थेसाठी पैसा मिळविण्यासाठी त्या एकट्या अमेरिकेस गेल्या, आणि तेथे परक्या घरी घरकाम करून त्यांनी निर्वाह केला. ‘माझ्या कहाणी’तील हा भाग सर्वांत सरस उतरला आहे. देवरूखची एक विधवा परमुलखात भांडी घासते आणि त्याच वेळी एका संस्थेची वकीलही असते. या दोन भूमिकांत तिला लाज किंवा विसंगती वाटत नाही. ग्रंथाचा दोष असा की जेथे निर्णयाचा प्रसंग येतो तेथे लेखिका मागे सरते आणि ‘अण्णां’ना पुढे करते. स्त्रीशिक्षणाचे ध्येय गृहिणी घडविणे हेच होय, असा त्यांचा झुकाव आहे. स्वतःचे सारे आयुष्य मात्र त्या विधानाचे खंडन आहे. अशा लेखिकेच्या मतांपेक्षा तिच्या कृतींवर विश्वास ठेवणे हे टीकाकाराचे काम असते. ते झाले नाही. पुढे १९१६ साली महिलांचे विद्यापीठ निघाले तेव्हा त्याची पहिली मोठी पदे पुरुषांकडेच गेली. विद्यापीठास १९५१ साली कायद्याची मान्यता मिळेपर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षांनी, प्रेमलीला ठाकरसी कुलगुरूपदी आलेल्या दिसतात.

‘काळच तसा होता’ असे उत्तर येथे हमखास येते. ते तपासून पाहावे. कलकत्त्यास चंद्रमुखी बसू या १८८३ साली पदवीधर झाल्या आणि १८८८ साली बेथून कॉलेजच्या प्राचार्या झाल्या. ज्या केंब्रिजकडे आमचे इंग्रजी शिकलेले पूर्वज आदराने पाहत, त्या केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ साली. तेव्हा काळ सर्वत्र एकच नव्हता. आणि जेथे खुर्ची दिली गेली तेथे ती चालविण्यास स्त्री मिळालीच. आमचे मुंबई विद्यापीठ १८५७ चे. त्याच्या पहिल्या स्त्री कुलगुरू डॉ. स्नेहलता देशमुख या १९९५ साली झाल्या. मधली एकशे अडतीस वर्षे केवळ ‘काळा’च्या माथी मारणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

आता या विषयाची दुसरी आणि अधिक अवघड बाजू. त्यागाची भाषा ज्यांच्यापाशी त्यागण्यासारखे काही होते त्यांचीच भाषा होती. हिंगण्याचा आश्रम प्रारंभी ब्राह्मण विधवांपुरता होता. विठ्ठल रामजी शिंदे आपली बहीण जनाक्का हिला तेथे घ्यावे म्हणून कर्व्यांकडे गेले, तेव्हा तिला प्रवेश मिळू शकला नाही. पुढे याच जनाक्का शिंद्यांनी १९०६ साली स्थापिलेल्या निराश्रितांच्या मिशनच्या कार्यात भावाबरोबर राहिल्या. कर्व्यांचे मोठेपण आम्ही कमी लेखीत नाही. त्यांनी स्वतः १९४४ साली, वयाच्या ऐंशीच्या पुढे, समता संघ काढला, यातच त्या जुन्या मर्यादेची जाणीव दिसते. परंतु स्त्रीनेतृत्वाचा इतिहास हिंगण्यापासून मोजणारास जनाक्काचे नाव कोठेच सापडत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

तो इतिहास वास्तविक १८४८ पासून मोजावयास हवा. सावित्रीबाई फुल्यांची जोतीरावांस लिहिलेली तीन पत्रे उपलब्ध आहेत. आमच्या सभांतून सावित्रीबाई म्हटल्या की शेण आणि चिखल झेलणारी मूर्ती उभी केली जाते. पत्रांतील बाई निराळी आहे. १८५६ च्या पत्रात ती आजारी असून माहेरी आहे, आणि तिला काळजी आहे ती आपल्या माघारी फातिमावर कामाचा भार पडला असेल याची. हे मुख्याध्यापिकेचे चिंतन होय. १८६८ च्या पत्रात गावकरी एका ब्राह्मण तरुणाचा आणि महार मुलीचा जीव घेण्यास निघाले असता ती मध्ये पडते, कायद्याचा धाक घालते, आणि दोघांना सुरक्षित पाठविते. १८७७ च्या पत्रात ती जुन्नरकडील दुष्काळातील मदतकार्याची हकीकत कळविते. तिन्ही पत्रांत पतीची परवानगी मागितलेली नाही. झाले ते कळविले आहे. जोतीरावांच्या पश्चात सत्यशोधक समाजाच्या १८९३ च्या सासवड येथील अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले ते याच अधिकाराने. पुणे विद्यापीठास २०१४ साली त्यांचे नाव दिले गेले, ते योग्यच झाले. परंतु नाव महाद्वारावर कोरणे आणि त्या नावाचा अधिकार समजून घेणे, या दोन भिन्न गोष्टी होत.

शांताबाई कांबळ्यांचे पुस्तक याच धाग्याचे दुसरे टोक होय. घरी ‘नाजा’ म्हणून हाक मारली जाणारी महार घरातील ही मुलगी १९४२ साली सोलापूर जिल्हा लोकल बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाली. पगार महिना बारा रुपये. पुढे त्या जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या, आणि निवृत्तीनंतर त्यांनी आपली कथा लिहिली. १९८६ साली ती पुस्तकरूपाने आली. या ग्रंथात त्याग हा शब्द शोधून काढावा लागेल. येथे शाळेतील नोकरी हीच मुक्ती आहे, पगार हा मानाचा विषय आहे, आणि तपासणीस जाणाऱ्या अधिकाऱ्याची खुर्ची ही समतेची साक्ष आहे. रचनेच्या दृष्टीने पुस्तक विस्कळीत वाटेल. प्रसंग एकामागून एक येतात आणि लेखिका त्यांवर भाष्य करावयास थांबत नाही. पण जिला पिढ्यान्‌पिढ्या फुकट सेवा करावयास लावली, तिच्या लेखी ‘सेवा’ हा गौरव नसून जुनी शिक्षा आहे, हे या पुस्तकाइतके स्पष्ट दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही. मध्यमवर्गाने आपल्या लेकीसुनांस जो शब्द दागिना म्हणून घातला, तो खालच्या पायरीवरील स्त्रीच्या पायात बेडी म्हणून पडला.

येथे कोसबाडची टेकडी आठवते. ताराबाई मोडक या राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या होत्या. ते पद सोडून त्या गिजुभाई बधेकांच्या बालशिक्षणाच्या प्रयोगात गेल्या. १९२६ साली त्यांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला, १९४५ साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले, आणि नंतर ते कोसबाडला वारल्यांच्या वस्तीत नेले. अनुताई वाघ तेराव्या वर्षी विधवा झालेल्या. त्या १९४५ साली ताराबाईंना मिळाल्या आणि १९७३ साली ताराबाई गेल्यावर सारा भार त्यांनी वाहिला. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी जन्मली. ही शास्त्रीय कल्पना होती. तिच्यामागे माँटेसोरीचा अभ्यास होता, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरणारी शाळा होती, साधनांचे आणि खर्चाचे गणित होते. अनुताईंचे पुस्तक हे सर्व सांगते, मात्र श्रेय गुरूच्या पायाशी ठेवून सांगते. ती नम्रता शोभून दिसते. पण तीमुळे एका शिक्षणशास्त्रज्ञ बाईचे पुस्तक आम्ही एका तपस्विनीचे म्हणून वाचले.

याचा परिणाम काय झाला तो आता पाहू. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारची योजना सुरू झाली आणि तिने ‘अंगणवाडी’ हे नाव घेतले. टेकडीवरील कल्पना देशभर गेली; परंतु ती चालविणाऱ्या बाईस शिक्षणशास्त्रज्ञाचा वारसा मिळाला नाही, तपस्विनीचा मिळाला. तपस्विनीस पगार कशाला हवा? म्हणून मानधन आले. गुजरातेतील अंगणवाडी स्त्रियांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एप्रिलमध्ये त्यांना उपदानाचा हक्क मान्य केला, आणि अंगणवाडीत पूर्वप्राथमिक शिक्षण दिले जाते ही गोष्ट त्या निर्णयात विचारात घेतली गेली. जे न्यायाधीशांस दिसले ते आम्हां साहित्याच्या वाचकांस आधी दिसावयास हवे होते. २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातील सेविकांनी संप पुकारला तेव्हा ‘सेवाव्रत घेतलेल्या बायकांनी संप करावा काय?’ असा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही ऐकू आला. या प्रश्नाचे मूळ कोणत्याही शासन निर्णयात नाही. ते आमच्या वाङ्मयीन अभिरुचीत आहे.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. सेवेचा आदर्श केवळ स्त्रियांवर लादला गेला नाही. गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज काढला आणि बुद्धिमान पुरुषांनी अल्प वेतनावर आयुष्य वाहिले. मग भेद कोठे आहे? भेद असा की, त्या पुरुषांच्या बाबतीत ‘सेवक’ हे अधिकारावर घातलेले नम्रतेचे उपरणे होते. उपरण्याखाली विधिमंडळाचे सभासदत्व होते, वृत्तपत्र होते, संस्थेचे नियम करण्याची सत्ता होती. स्त्रीच्या बाबतीत उपरणे तेवढे दिले गेले. शब्दाचे हे सामर्थ्य सरकारास चांगले ठाऊक आहे. या शतकाच्या आरंभी नव्या शिक्षकांस काही वर्षे पूर्ण वेतनाऐवजी ठरावीक मानधनावर नेमावयाचे ठरले, तेव्हा त्यांस ‘शिक्षणसेवक’ असे नाव देण्यात आले. सेवक म्हटले की दर उतरतो, हे पुरुषांसही त्या दिवशी कळले असेल.

आमच्या व्यवसायात पाव शतकाहून अधिक काळ आम्ही निवडीच्या बैठका आणि निरोपसमारंभ पाहत आलो आहोत. प्राचार्यपदाच्या पुरुष उमेदवाराविषयी ‘खंबीर’ हा शब्द स्तुतीचा असतो. स्त्री उमेदवाराविषयी तोच शब्द ‘जुळवून घेणार नाही’ या अर्थाने उच्चारला जातो. मागासवर्गीय स्त्री असेल तर ‘अजून थोडा अनुभव येऊ द्या’ अशी पुस्ती जोडली जाते. निरोपाच्या दिवशी मात्र तिला माउली म्हणण्यास सर्वजण एकमत होतात. आज देशातील शाळांत शिकविणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. त्यांच्यावर निर्णय करणारी संचालक मंडळे कोणाची बनलेली असतात, हे प्रत्येक वाचकाने आपल्या मुलांच्या शाळेचा वार्षिक अहवाल उघडून पाहावे. त्यासाठी आमच्या साक्षीची गरज नाही.

सेवा हा शब्द भाषेतून काढून टाकावा असे आमचे म्हणणे नाही. तो मोठा शब्द आहे, आणि या पाचही स्त्रियांनी तो आपल्या रक्ताने मोठा केला आहे. आमचे म्हणणे इतकेच की, त्यांच्या पुस्तकांतील कारभार आता वाचला जावा. महाविद्यालयांतून ‘माझे पुराण’ शिकविताना त्यातील पैशाचा हिशेब शिकवावा, ‘माझी कहाणी’तील अमेरिकेचा प्रवास एका संस्थेच्या प्रतिनिधीचा म्हणून वाचावा, ‘चित्तरकथे’तील बारा रुपये हे करुणेचे नव्हे, अधिकाराचे चिन्ह मानावे, सावित्रीबाईंच्या पत्रांस शिक्षणप्रशासनाच्या अभ्यासात जागा द्यावी. टीकेचे शब्द बदलले म्हणजे खुर्च्या आपोआप रिकाम्या होतील, इतके आम्ही भाबडे नाही. परंतु खुर्चीवर कोणी बसावे हे ठरविणारी माणसे आमच्याच वर्गांतून शिकून जातात, आणि जाताना आम्ही दिलेले शब्द घेऊन जातात. निदान ते शब्द तरी खोट्या वजनाचे नसावेत, एवढी जबाबदारी साहित्याच्या अध्यापकास टाळता येणार नाही.